काकबळी : पितरांचा घास आणि सृष्टीचा अन्नक्रम

भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंतच्या पंधरवड्यात शिंदखेडा तालुक्यातील गावोगावी माध्यान्हीच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. घराच्या धाब्यावर, पत्र्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर पळसाच्या पानावर वाढलेला घास ठेवलेला असतो. त्यात खीर असते, वडा असतो, भात-वरण असते, आणि दिवंगताला जे विशेष आवडत असे त्याचाही एखादा कण आठवणीने ठेवलेला असतो. घरचा कर्ता पुरुष पानाभोवती पाणी फिरवतो, हात जोडतो आणि आकाशाकडे पाहून कावळ्यांना साद घालतो. घरात स्वयंपाक तयार असतो, मुले भुकेली असतात. तरी कावळ्याची चोच पानाला लागेपर्यंत पंगत मांडली जात नाही. अहिराणी बोलीत 'कावया' म्हणून ओळखला जाणारा आणि एरवी वाळवणावरून हुसकावला जाणारा हा पक्षी त्या घटकेला घरातील सर्वांत मोठा अतिथी असतो.

खानदेशात हा मान त्याला वर्षातून दोनदा लाभतो. वैशाख शुद्ध तृतीयेची आखाजी हा येथे लेकी-सुनांच्या झोक्यांचा सण आहे, तसाच तो पितरांचाही आहे. त्या दिवशी मातीची नवी घागर भरून पुजली जाते, सांजोऱ्या आणि आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य होतो, विस्तवावर आगारी दिली जाते आणि पितरांच्या नावाचा घास बाहेर ठेवला जातो. उन्हाळा ऐन भरात असताना, बुराईचे पात्र कोरडे पडलेले असताना, पूर्वजांना प्रथम पाणी व मग अन्न देण्याची ही रीत या अवर्षणप्रवण भूमीला शोभणारीच आहे.

मोर आहे, हंस आहे, राजस गरुड आहे. मग पितरांच्या घासासाठी कावळाच का निवडला गेला? वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात या प्रश्नाचे उत्तर देणारी एक कथा येते. राजा मरुत्त यज्ञ करीत असताना दिग्विजयास निघालेला रावण तेथे येऊन ठेपला. वराने उन्मत्त झालेल्या त्या राक्षसापुढे देवांचाही धीर सुटला आणि त्यांनी पशुपक्ष्यांची रूपे घेऊन स्वतःला लपविले. इंद्र मोर झाला, वरुण हंस झाला, कुबेर सरडा झाला आणि धर्मराज यम कावळा झाला. संकट टळल्यावर ज्याने ज्याच्या रूपाचा आश्रय घेतला होता, त्याने त्या जीवाला वर दिला. मोराला पिसाऱ्यावर डोळे मिळाले, हंसाला शुभ्र वर्ण मिळाला, सरड्याला सोनेरी झळाळी मिळाली. यज्ञशाळेच्या आढ्यावर बसलेल्या कावळ्याला मात्र यमधर्माने रूप दिले नाही, रंग दिला नाही. त्याला जे दिले ते दोन प्रकारचे होते. माझ्या लोकातील क्षुधार्त जीव तुझ्या भोजनाने तृप्त होतील, हा एक वर. आणि तुला मृत्यूचे भय राहणार नाही, हा दुसरा. परंतु या दुसऱ्या वराला एक अट जोडलेली आहे, जी कथा सांगताना बहुधा गळून जाते. जोवर मनुष्य तुझा वध करणार नाही तोवरच तू निर्भय आहेस, असे यमाने सांगितले आहे.

यमाने स्वतःच्या वराची किल्ली मनुष्याच्या हाती ठेवली. काकबळीचा विचार करताना ही अट डोळ्यांआड करता येत नाही, कारण पितरांची तृप्ती कावळ्याच्या भोजनावर अवलंबून आहे आणि कावळ्याचे जीवित आपल्यावर.

आता अन्नाकडे वळावे. तैत्तिरीय उपनिषदाने 'अन्न' या शब्दाचाच जो अर्थ लावला आहे तो मोठा मार्मिक आहे. प्राणी ज्याला खातात ते अन्न, आणि जे प्राण्यांना खाते तेही अन्न, असा तो दुहेरी अर्थ आहे. आज शाळेच्या पुस्तकात मुले ज्याला अन्नसाखळी म्हणून शिकतात तिचे बीज या विचारात आहे. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला सरडा, सरड्याला पक्षी. आणि पक्षी मातीत मिळाला की मातीचे पुन्हा गवत होते. या चक्रात मनुष्य कोठेतरी वर, अलिप्त बसलेला आहे असे आपले शास्त्र मानीत नाही. म्हणूनच गृहस्थाच्या पाच महायज्ञांत देवयज्ञ, पितृयज्ञ, ब्रह्मयज्ञ आणि मनुष्ययज्ञ यांच्या पंक्तीला भूतयज्ञ बसविलेला आहे. वैश्वदेवाच्या वेळी कुत्रा, कावळा, कृमिकीटक यांच्यासाठी अन्न बाहेर ठेवावे, आणि तेही फेकून न देता भूमीवर हळुवारपणे ठेवावे, असे स्मृतिकारांनी बजावले आहे. 'हळुवारपणे' हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. फेकलेला घास भीक ठरतो. ठेवलेल्या घासाला ऋणफेडीचा अर्थ येतो.

ऋण कसले, हे कावळ्याची दिनचर्या पाहिली म्हणजे कळते. त्याचे वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. त्याला ना घारीचे नख आहे, ना बगळ्याची लांब चोच. एका ठरावीक अन्नावर जगण्याची सोय त्याला नाही, म्हणून अन्नसाखळीच्या एका कडीत तो बसत नाही; तो जवळजवळ प्रत्येक कडीला स्पर्श करतो. तालुक्यात मृगाच्या आधी नांगरटीला सुरुवात झाली की बैलांच्या अथवा ट्रॅक्टरच्या मागे कावळ्यांची रांग लागते. उलथलेल्या ढेकळांतून वर आलेल्या अळ्या व किडे ते वेचून खातात. बांधावरचा उंदीर त्यांना चालतो. दोंडाईचा रस्त्यावर वाहनाखाली चिरडलेला सरडा, बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला, लग्नाच्या पंगतीनंतरचे उष्टे, हे सारे कुजून माशा व दुर्गंधी व्हायच्या आत उचलण्याचे काम पहाटेपासून तेच करतात. तो इतर पक्ष्यांची अंडी-पिलेही खातो, मक्याची कणसे टोचतो, भुईमूग उकरतो. हेही मान्य केलेच पाहिजे. त्याला संत ठरविण्याचे कारण नाही. पण गावाच्या पोटात दररोज साचणारा मृतांश कोणीतरी संपवावा लागतो, आणि ज्याला आपण अशुभ म्हणतो त्यानेच ते पत्करले आहे. यमाचा पक्षी म्हणून त्याची ओळख निव्वळ कल्पना नव्हे. जेथे मरण आहे तेथे तो खरोखरच येतो आणि मरणाचे पुन्हा अन्न करतो.

ही सेवा खंडित झाली तर काय होते, हे पाहण्यासाठी पुराणात जावे लागत नाही. पूर्वी महाराष्ट्रातील गावांच्या वेशीबाहेर मेलेले गुरू ओढून टाकले की गिधाडांचा थवा उतरे आणि थोड्याच वेळात केवळ हाडे उरत. १९९० च्या दशकात ही गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर फार उशीर झालेला होता. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातून एखादे उरले, इतकी कमी झाली. उघड्यावर पडलेल्या मृत जनावरांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचे भयही वाढले. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळातील सुमारे ५ लाख जास्तीच्या मानवी मृत्यूंचा संबंध गिधाडे नाहीशी होण्याशी लावला आहे. जटायूचे नाव भक्तिभावाने घेणाऱ्या देशात जटायूचे कुळ एका औषधाने नष्टप्राय व्हावे, आणि हे कोणाच्याही द्वेषातून नव्हे तर गुराचे दुखणे कमी करण्याच्या भल्या हेतूने घडावे, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

गिधाडांची जागा कावळा घेऊ शकत नाही. गुराचे जाड कातडे फाडण्याची शक्ती त्याच्या चोचीत नाही. पण तोही त्याच वाटेवरचा प्रवासी आहे: दुसऱ्याने टाकलेले, मेलेले, नासलेले खाणे हाच त्याचा धर्म, आणि त्यामुळे त्या टाकलेल्यात जे विष असेल ते प्रथम त्याच्या वाट्याला येते. खानदेशाला याची आठवण नवी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम आढळला तो नवापूर येथे, म्हणजे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या गावी. लाखो कोंबड्या तेव्हा नष्ट कराव्या लागल्या. पुढे डिसेंबर २०२० च्या अखेरीस राजस्थानातील झालावाड व मध्य प्रदेशातील इंदूर येथे या रोगाचे पहिले संकेत मरून पडलेल्या कावळ्यांनी दिले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे पटापट मरू लागले आणि तपासणीत तेथेही बर्ड फ्लूच निघाला. मग यमाचा वर फोल ठरला काय, असे कोणी विचारील. हा विषाणू रानपक्ष्यांतूनही फिरतो, त्यामुळे सगळा दोष माणसावर टाकणे न्याय्य होणार नाही. तरीही मेलेल्या कोंबड्या न पुरता नाल्यात लोटणारा हात, उंदरासाठी विषाचे आमिष ठेवून मेलेले उंदीर उकिरड्यावर फेकणारा हात, हे हात माणसाचेच आहेत. कावळ्याला धोंडा मारणे एवढाच वधाचा अर्थ घेतला, तर वराची अट पाळल्याचे समाधान सहज मिळते. ते समाधान खोटे असते.

कायद्याच्या पुस्तकातही कावळ्याची गणना फार काळ उपद्रवी जीवांत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशी आणि फलाहारी वटवाघळे यांच्या शेजारी त्याचे नाव होते. २०२२ च्या दुरुस्तीने ही उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच रद्द झाली.

अलीकडे पितृपक्ष जवळ आला की एक संदेश सर्वत्र फिरू लागतो. वड आणि पिंपळ यांची फळे कावळ्याच्या पोटातून गेल्याखेरीज त्यांचे बी रुजत नाही, भाद्रपदात कावळ्याची पिले जन्मतात, म्हणून ऋषिमुनींनी या महिन्यात श्राद्ध योजले, असे त्यात म्हटलेले असते. भाव चांगला आहे. माहिती मात्र पुरती खरी नाही. आपल्याकडे कावळ्याची वीण मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी होते आणि भाद्रपदापर्यंत बहुतेक पिले घरट्याबाहेर पडलेली असतात. वड-पिंपळाचे बी पसरविण्याचे काम कावळ्याबरोबर बुलबुल, साळुंकी, हरियाल, कोकीळ आणि वटवाघूळ हे सारेच करतात. श्रद्धेला अर्धसत्याचा टेकू देण्याची गरज नसते; तो निखळला की श्रद्धाही डळमळते. जे खरे आहे तेच पुरेसे मोठे आहे. कावळा पिंपळाची व उंबराची फळे खातो, निंबोळ्या खातो, आणि रात्री ज्या झाडावर वस्तीला जातो त्याच्या तळाशी, वाटेतल्या बांधावर, विहिरीच्या काठावर त्यांचे बी टाकतो. बांधावर कोणी न लावता उगवलेल्या कडुनिंबांपैकी कितीतरी त्याच्या शिदोरीतून सांडलेले असतात.

शिवाय कोकिळेचा विचार करावा. ती स्वतः घरटे बांधीत नाही. तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात उबतात आणि तिच्या पिलाला कावळाच चारा भरवतो. ते पिलू मोठे होऊन फळांवर जगते आणि बी दूरदूर नेते. वसंतात आंब्यावर कूजन ऐकू येते तेव्हा सगळे कोकिळेला वाखाणतात. ज्याच्या घासावर ती वाढली त्याचे नाव कोणी घेत नाही. बाळाला जेवू घालणारी आई पहिला घास काऊच्या नावाने बाजूला काढते, तेवढीच काय ती त्याच्या वात्सल्याची पावती.

आता ज्या गोष्टीने अनेक कुटुंबांचे मन व्याकुळ होते तिच्याविषयी. तापी-पांझरेच्या संगमावर मुडावद येथे, किंवा दक्षिण काशी म्हणून ख्यात असलेल्या प्रकाशे क्षेत्री दशक्रियेसाठी आप्तजन जमतात. पिंड मांडले जातात, आणि कावळा शिवत नाही. घटका जाते, दुसरी जाते. मग मुले, भाऊ, सुना एकेक पुढे होऊन गेलेल्याला आश्वासने देऊ लागतात: धाकट्याचे शिक्षण पूर्ण करू, आईला एकटी ठेवणार नाही, बांधाचा वाद मिटवू. जे जिवंतपणी बोलायचे राहून गेले ते या प्रतीक्षेत बोलले जाते, हे या विधीचे केवढे तरी सामर्थ्य आहे. पण कावळा शिवला नाही म्हणून गेलेला जीव अतृप्त राहिला असा घोर मनाला लावून घेणे, किंवा त्यावरून एखाद्या सुनेला अथवा भावाला बोल लावणे, याला शास्त्राचा आधार नाही. काक न आल्यास दर्भाचा काक करून पिंडाला स्पर्श करावा, अशी तरतूद परंपरेनेच करून ठेवली आहे. कावळा न येण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. काठावरची जुनी झाडे गेलेली असतात, त्यामुळे त्याला बसायला जागा नसते. माणसांची गर्दी व गोंगाट फार असतो. किंवा त्या सकाळी आधीच्या दहा कुटुंबांच्या पिंडांनी त्याचे पोट भरलेले असते. भरल्या पोटी अतिथीने पान नाकारले तर यजमानाने रागावू नये.

यातूनच दानाचे तारतम्यही कळते. शास्त्राने काकबळी सांगितला तो एका घासाचा आहे, ढिगाचा नाही. तीर्थक्षेत्री पुण्य लागते म्हणून शेव, फरसाण, पाव, तळलेले पदार्थ टोपल्यांनी ओतले जातात तेव्हा कावळे गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि आसपासच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांवर संक्रांत येते. आपला हाच कावळा जहाजांबरोबर व माणसांच्या हातून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि तेथील उकिरड्यांवर इतका माजला की २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने १० लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. येथे जो पितरांचा दूत आहे तो तेथे शत्रू झाला, आणि दोन्हीकडे पक्षी तोच आहे. फरक त्याला मिळणाऱ्या घासाच्या मापाचा आणि जागेचा आहे. म्हणून भाविकांनी घास ठेवावा तो ताज्या, घरच्या, बिनतिखटाच्या अन्नाचा, पानावर किंवा मातीच्या परळात, मूठभर, सोबत पाण्याचे उथळ भांडे. प्लास्टिकच्या द्रोणातून व पिशवीतून ठेवलेला घास वाऱ्याने नदीत जातो, आणि गाईच्या पोटातही जातो. कोठे कावळे किंवा इतर पक्षी एकाएकी मरून पडलेले दिसले तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. त्या दिवसांत घास कावळ्याऐवजी गाईला दिला तरी पितृयज्ञात उणेपण येत नाही.

अन्नदानासाठी सढळ हाताने देणाऱ्या दात्यांनाही या चक्राचा आणखी एक भाग उचलता येईल. जुन्या मंदिरांच्या शिखरांत, घाटाच्या पायऱ्यांच्या फटीत, विहिरीच्या चिऱ्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळ-वडाचे बी रुजते. ती रोपे दगड फोडतात, म्हणून दरवर्षी उपटून टाकली जातात. पिंपळ तोडण्याचे पाप नको म्हणून पुष्कळ ठिकाणी ती तशीच वाढू दिली जातात आणि शेवटी शिखराला तडा जातो. दोन्हींची गरज नाही. आषाढाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ही रोपे मुळांसकट अलगद काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, तापीच्या किंवा बुराईच्या काठी पूररेषेच्या वर लावता येतात. दोन उन्हाळे त्यांना पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण लागते. त्यापुढे ती आपली आपण वाढतात. एखाद्या दिवंगताच्या नावाने पंगत घालणाऱ्याने त्याच नावाने अशा एका रोपाचे दोन उन्हाळ्यांचे पाणी पत्करले, तर काही वर्षांनी त्या काठावर पिंड मांडणाऱ्या कुटुंबाला कावळ्याची वाट पाहत आकाश न्याहाळावे लागणार नाही. तो समोरच्या फांदीवर बसलेला असेल.